लेवीय चौदावर अडकलेली खूण

आदरणीय ताई, प्रभूच्या नावात सलाम.

मी छत्तीस वर्षांची आहे. नोकरी करते, दोन मुलं आहेत आणि दीड वर्षापासून सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. लहानपणापासून मंडळीत वाढले, आता रविवारच्या शाळेत शिकवते. "रोज वचन वाचा, तो आत्म्याचा आहार आहे" असं मुलांना दर रविवारी सांगते आणि सांगताना मान खाली जाते. यंदा १ जानेवारीला मी वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचं ठरवलं. फोनवर तक्ता घेतला. उत्पत्ती झालं, निर्गम झालं. लेवीयच्या चौदाव्या अध्यायापाशी गाडी अडली ती अडलीच. आता तक्ता उघडला की लाल अक्षरं दिसतात: तुम्ही ४३ दिवस मागे आहात. भरून काढायला म्हणून रात्री बसते, डोळे ओळींवरून फिरतात आणि पान उलटलं की काय वाचलं ते आठवत नाही. वाचताना काहीच वाटत नाही. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, डोळे मिटून बायबल उघड, बोट ठेव, देव बोलेल. मी ठेवलं. वंशावळ निघाली! मन नसताना वाचणं हे ढोंगच नाही का? भूक लागेपर्यंत थांबावं का? माझी आई पहाटे उठून वाचायची, मला का जमत नाही? माझ्या विश्वासातच काही खोट आहे का?

– मागे पडलेली

प्रिय बहिणी,

वंशावळीचं वाचून मी मोठ्याने हसले, त्याबद्दल आधी माफी मागते. हसले, कारण माझ्याही बोटाखाली एकदा असंच काहीतरी आलं होतं आणि त्यातून देव काय सांगतोय हे शोधण्यात मी अख्खी सकाळ घालवली होती.

तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत, पण माझी नजर त्या लाल अक्षरांतल्या ४३ वरच राहिली. उरलेले प्रश्न मला त्याचीच पिल्लं वाटतात. म्हणून सुरुवात तिथून करते. ते ४३ दिवस सोडून द्या. भरून काढू नका. तुमच्यावर कसलंही कर्ज नाही.

हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. निर्गमचा सोळावा अध्याय तुम्ही जानेवारीतच वाचलाय. रानात लोकांना देवाने दिलेलं अन्न, मान्ना, मिळालं तेव्हा त्यांनी एकमेकांना विचारलं, "हे काय आहे?" आणि त्या प्रश्नावरूनच त्याला ते नाव पडलं. नियम साधा होता. सकाळी उठायचं, माणशी एक ओमर (एक माप) गोळा करायचा, उद्यासाठी ठेवायचा नाही. काहींनी ठेवलाच. सकाळी त्यात किडे पडले, घाण सुटली आणि मोशे रागावला. साठवणाऱ्यांची ही फजिती आपण मुलांना रंगवून सांगतो. त्याच अध्यायातलं दुसरं वाक्य मात्र आपल्या हातून निसटतं. ज्याने जास्त गोळा केलं त्याला जास्त झालं नाही आणि ज्याने कमी गोळा केलं त्याला कमी पडलं नाही. शिवाय काल न उचललेला मान्ना आज दुप्पट उचलून भरून काढा, असं देवाने कुणालाच सांगितलं नाही. दुप्पट उचलायचा तो फक्त सहाव्या दिवशी, आणि तोही सातव्या दिवशी विसावा घेता यावा म्हणून. म्हणजे त्या हिशेबात थकबाकीचा रकानाच नव्हता. तो तुमच्या फोनने काढलाय.

"मनुष्य केवळ भाकरीने नव्हे" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की ते मुळात कशाबद्दल आहे तेच विसरतो. प्रभू येशूने ते रानात, चाळीस दिवसांच्या उपासानंतर उच्चारलं, पण ते शब्द जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातले आहेत आणि तिथे विषय मान्न्याचाच आहे. देवाने तुम्हांला उपाशी राहू दिलं आणि मग मान्ना खाऊ घातला, तो हे शिकवण्यासाठी, असं मोशे सांगतो. वचनाला अन्न म्हटलं ते या अन्नाच्या आठवणीतून. रोजचं, मोजकं, साठवता न येणारं.

आता तक्त्याबद्दल. तक्त्यांशी माझं वैर नाही. हिशेब करून पाहा: जुन्या करारात ९२९ अध्याय, नव्यात २६०, एकूण ११८९. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन. एकदा तरी असं सलग वाचून काढावं, कारण त्याने देशाचा नकाशा डोक्यात बसतो, कुठला संदेष्टा कुठल्या राजाच्या वेळचा, कुठलं पत्र कशाचं उत्तर आहे, ते कळतं. पण नकाशा पाहून पोट भरत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि थकलेल्या माणसाने दोन्ही एकाच वेळी करायला घेतली की एकही होत नाही. मी स्वतः एक वर्ष वहीत रोज बरोबरच्या खुणा करत संपूर्ण बायबल संपवलं. डिसेंबरअखेर वही भरली होती. त्या वर्षी वाचलेलं एकही वाक्य आज मला आठवत नाही, वहीचा रंग मात्र आठवतो.

अशा वार्षिक तक्त्यांतला एक फार प्रसिद्ध तक्ता स्कॉटलंडमधल्या डंडी इथले तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी तयार केला. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. तो आजही जगभर वापरतात. पण त्यासोबत त्यांनी मंडळीला जे पत्र लिहिलं, त्यात फायद्यांच्या आधी धोके मांडले होते. वाचन नुसता उपचार होऊन बसेल. ठरलेलं वाचून झालं म्हणून माणूस स्वतःवरच खूश होईल. वाचनात निष्काळजीपणा येईल. आणि काहींना हे जू पेलणार नाही. तक्ता करणाऱ्यालाच हे ठाऊक होतं, मग तक्ता पाळणाऱ्याला जड झालं तर त्यात विश्वासाची खोट कुठली?

बरं, मग खायचं कसं?

पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो. 'मनन' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मांडी घालून, डोळे मिटून, गप्प बसलेलं कुणीतरी येतं. मूळ हिब्रू शब्द 'हागा' आहे आणि त्यात आवाज आहे. यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात सिंह आपल्या भक्ष्यावर गुरगुरतो तिथे हाच शब्द आहे. अडतिसाव्यात आजारी हिज्कीया राजा पारव्यासारखा घुमतो, तिथेही हाच. म्हणजे मनन हे ओठांनी, घशाने करायचं काम आहे, पुटपुटत, घोळवत, दातांखाली धरून. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: रवंथ. गाय चरताना भराभर ओढते आणि मग सावलीला बसून तेच पुन्हा तोंडात आणून चघळते. तुम्ही नुसत्याच चरताय. रोज सव्वातीन अध्याय ओढायचे आणि सावलीला बसायला वेळच नाही.

बाराव्या शतकातल्या गीगो नावाच्या एका मठप्रमुखाने हेच चार पायऱ्यांच्या शिडीसारखं मांडलं होतं. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थनेत त्याची चव सुटते आणि चौथी पायरी म्हणजे त्या गोडीतच विसावणं. मला त्याची ही मांडणी आवडते, पण पायऱ्या मोजत बसू नका, नाहीतर त्याचाही तक्ता व्हायचा. घास चावून खायचा, एवढंच त्यातून घ्या.

तुम्ही मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय, लहान लहान प्रसंग. रोज एक प्रसंग, आठ-दहा वचनं, त्याहून जास्त नाही. मोठ्याने वाचा. संपलं की पुन्हा वाचा, या वेळी हळू. कुठेतरी एखादा शब्द खड्यासारखा लागेल, कळला नाही म्हणून, आवडला म्हणून किंवा राग आला म्हणून. तिथे थांबा. तोच शब्द घेऊन दिवसात शिरा. काहीच लागलं नाही तर मधलं एखादं वाक्य उचला आणि ते घेऊन चला. दुपारी ते आठवलं तर पुटपुटा. रात्री कपड्यांच्या घड्या घालताना त्यातला एक प्रश्न देवाला विचारा. याला दहा मिनिटं लागतात. तुमच्याकडे दहाच असतील तर दहाच घ्या, पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. फोनवर वाचणं वाईट म्हणून नाही. तो हातात असला की वचनाच्या डोक्यावर कुणाचा तरी निरोप येऊन बसतो, म्हणून. शक्यतो छापील पुस्तक घ्या. आणि भाषा अवघड वाटत असेल तर सोपं भाषांतर घ्या, त्यात कमीपणा कसला? पंडिता रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. त्याआधीची कितीतरी वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी घालवली, ती थोडंच शिकलेल्या बायकांना वाचून कळावं म्हणूनच.

प्रार्थनेत मन लागत नाही असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला ते ओळींच्या मधे दिसलं. ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर यांना प्रार्थनेचा माणूस म्हणूनच लोक ओळखतात. ते कित्येक वर्षं सकाळी आधी प्रार्थनेला बसत. १८४१ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं की सुरुवातीची दहा मिनिटं, पाव तास, कधी अर्धा तास मन नुसतं भटकण्यातच जायचं. मग त्यांनी क्रम उलटा केला. आधी नव्या करारातला थोडा भाग, त्यावर मनन, आणि त्यातून प्रार्थना आपोआप उठायची, कधी आभार, कधी पापांगीकार, कधी दुसऱ्यासाठी मागणं. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. आपण आधी बोलायला जातो आणि बोलायला काही सुचत नाही म्हणून खजील होतो. त्याला आधी बोलू द्यावं.

आता तुमचा सगळ्यात बोचरा प्रश्न: मन नसताना वाचणं म्हणजे ढोंग का?

नाही. मनात नसलेली भावना लोकांना दाखवणं हे ढोंग. भूक नसताना ताटावर येऊन बसणं हे ढोंग नव्हे. आजारातून उठलेल्या माणसाला भूक नसते, म्हणून आपण त्याला भूक लागेपर्यंत उपाशी ठेवत नाही. दोन घास भरवतो, आणि खाता खाताच त्याची भूक परत येते. म्हणून थांबू नका, कमी करा.

आणि देवाच्या भाकरीचा कंटाळा येणं ही तुमच्यापासून सुरू झालेली गोष्ट नाही. गणनाच्या अकराव्या अध्यायात लोक म्हणतात, या मान्न्याशिवाय डोळ्यांना दुसरं काही दिसतच नाही. एकविसाव्यात तर 'या हलक्या अन्नाचा वीट आला' असं तोंडावर म्हणतात. त्या कुरकुरीबद्दल त्यांनी बोलणी खाल्ली, शिक्षाही भोगली. पण मान्ना थांबला नाही. कनान देशाचं पीक त्यांच्या तोंडी लागेपर्यंत, चाळीस वर्षं, तो पडत राहिला आणि कंटाळलेल्या लोकांनाही त्यानेच जगवलं. चव लागणं आणि अंगी लागणं या दोन गोष्टी आहेत. पहिली जिभेला त्याच क्षणी कळते. दुसरी कळते ती पुढे कधीतरी, चढ चढताना.

प्रभू पुन्हा उठल्यावर अम्माऊसच्या वाटेवर त्याला भेटलेल्या त्या दोन शिष्यांचंच पाहा. प्रभू त्यांच्याशी चालता चालता शास्त्राचा उलगडा करत होता आणि त्यांना पत्ता नव्हता की हा कोण आहे. त्याने भाकर मोडली, तो दिसेनासा झाला आणि मग ते एकमेकांना म्हणाले, तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतल्या आत पेटलं नव्हतं का? नंतर! चालताना दोघांपैकी एकानेही तसं म्हटलेलं लूकने नोंदवलेलं नाही. म्हणून वाचून झाल्यावर लगेच मनाची नाडी बघू नका. 'काही वाटलं का?' हा प्रश्न त्या दहा मिनिटांपुरता स्वतःला विचारायचाच नाही.

इथे एक गोष्ट मात्र मला तुमच्याकडून जाणून घ्यायची आहे. कोरडेपणा फक्त वाचनातच आहे का सगळीकडे? दीड वर्ष रुग्णाची सेवा, नोकरी, दोन मुलं. तुमच्या पत्रात स्वतःच्या झोपेबद्दल एक अक्षर नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठवून भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं आणि दुसऱ्यांदा उठवून म्हणाला, खा, कारण तुला दूरचा प्रवास आहे. होरेब डोंगरावर त्याला देवाची मंद वाणी ऐकू आली तो प्रसंग त्यानंतरचा आहे. रात्री अकराला डोळे मिटत असतील तर मिटू द्या, ती लेवीय वाचायची वेळ नव्हे. आणि मुलांचं हसणंही हल्ली आत पोचत नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर ती आत्मिक दुर्बलता समजून एकट्याने सोसू नका. डॉक्टरांना दाखवा. तसे दिवस काढतानाही वाचायला एक स्तोत्र आहे, अठ्ठ्याऐंशीवं. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी आशेचं एक वाक्यही नाही. देवाने तेही आपल्या पुस्तकात राहू दिलंय.

बोट ठेवून देवाला बोलायला लावणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांगा, पण ती सवय लावून घेऊ नका. त्या कदाचित संत ऑगस्तीनचा दाखला देतील. ३८६ साली बागेत 'घे आणि वाच' असा आवाज ऐकून त्याने पुस्तक उघडलं आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातल्या ओळींनी त्याचं आयुष्य पालटलं. खरं आहे. पण ते पौलाच्या पत्रांचं पुस्तक तो वाचतच होता, तिथेच जवळ ठेवलेलं होतं, आणि त्याआधी कितीतरी दिवस तो बिशप अँब्रोजची प्रवचनं ऐकत होता. ती आंधळी सोडत नव्हती.

रोज फोनवर येणाऱ्या एका वचनाचंही थोडं असंच आहे. ती चाल जुनी आहे, जर्मनीतल्या हर्नहूटच्या मोरावियन मंडळीत १७२८ पासून घरोघर दिवसाचं वचन सांगत, आणि १७३१ पासून ते पुस्तकरूपाने छापून निघतंय. मी तिला नावं ठेवणार नाही. फक्त ते वचन म्हणजे दाराची कडी समजा आणि दार उघडून आत जा. 'तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो' हे यिर्मया २९ मधलं वचन किती भिंतींवर लटकतं! पण ते बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आधीच्याच ओळीत सत्तर वर्षं थांबावं लागेल असं सांगितलंय. घरं बांधा, मळे लावा, त्या परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असंही. सत्तर वर्षं धरून वाचलं की ते वचन लहान होत नाही, उलट तुमच्या दीड वर्षाच्या जवळ येतं.

आईच्या पहाटेबद्दल एवढंच सांगते की ती आईची वेळ होती. प्रभू पहाटे अंधारात उठून प्रार्थनेला गेला हे मार्कमध्ये आहेच, पण स्तोत्रकर्ता बिछान्यात, रात्रीच्या प्रहरी देवाची आठवण करतो, हेही शास्त्रातच आहे. आणि जरा मागे जाऊन बघितलं, तर छपाई येण्याआधीची शेकडो वर्षं बहुतेक विश्वासणाऱ्यांच्या घरात बायबलच नव्हतं. ते ऐकत. प्रकटीकरणाच्या सुरुवातीला जो आशीर्वाद आहे तो वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना आहे. एकट्याने, कोपऱ्यात, मनातल्या मनात वाचणं हा वाचनाचा एक प्रकार झाला, तो विश्वासाचा पुरावा नव्हे.

यावरून मला तुमच्या सासूबाई आठवल्या. मार्कमधला तो रोजचा प्रसंग त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने वाचा ना. नाहीतरी तिथे तुमची दहा-पंधरा मिनिटं जातातच. त्यांना ऐकू जाईल, तुमचंही मोठ्याने वाचून होईल, आणि कदाचित त्या काही विचारतील. गाडीत बसून यशया वाचणारा तो कूशी अधिकारी मोठ्याने वाचत होता म्हणूनच सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाला ऐकू गेलं. "वाचता ते समजतं का?" या प्रश्नावर तो किती सरळ म्हणाला, कुणी वाट दाखवल्याशिवाय मला कसं समजेल? एवढा राणीचा खजिनदार, पण त्याला लाज वाटली नाही. तुम्हांलाही एक फिलिप्प हवा. आठवड्यातून एकदा जिच्यापुढे "मला हे अजिबात कळलं नाही" म्हणता येईल अशी एखादी मैत्रीण शोधा.

आणि रविवारच्या शाळेतल्या मुलांना पुढच्या खेपेला खरं सांगून बघा. "मी लेवीयमध्ये अडकले" म्हणा. मुलं अशा शिक्षिकेवर जास्त विश्वास ठेवतात, माझा अनुभव आहे.

राहता राहिला तो चौदावा अध्याय. त्याच्यावर रागावू नका, कारण मी तुम्हांला तिकडेच नेणार आहे, जरा दुसऱ्या वाटेने. मार्क सुरू केलात की चार-पाच दिवसांत पहिल्या अध्यायाच्या शेवटाला याल. तिथे एक कुष्ठरोगी येतो, गुडघे टेकतो, आणि येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. मग सांगतो, जा, स्वतःला याजकाला दाखव आणि मोशेने नेमलेलं अर्पण कर. मोशेने नेमलेलं ते अर्पण कुठे आहे? तुमची खूण आहे तिथे. लेवीय चौदा.

त्या दिवशी ते पान उघडा. आता तो आजारांच्या नियमांचा रुक्ष अध्याय राहणार नाही. मार्कमधला तो माणूस आता तिथे जाऊन उभा राहील. शुद्ध झालेल्या माणसासाठी दोन पक्षी आणायचे, एक वाहत्या पाण्यावर मारायचा आणि दुसरा त्याच्या रक्तात बुडवून मोकळ्या रानात सोडून द्यायचा. त्या सुटलेल्या पक्ष्यावर तुम्ही पुष्कळ वेळ थांबाल असा माझा अंदाज आहे. मग एकविसाव्या वचनापर्यंत या. त्या माणसाने आठव्या दिवशी काय काय आणायचं त्याची लांबलचक यादी तिथपर्यंत झालेली असते, तीन कोकरं, सपीठ, तेल. आणि मग येतं, पण तो गरीब असेल आणि त्याची एवढी ऐपत नसेल, तर एकच कोकरू, थोडं सपीठ आणि दोन पारवे किंवा होले, जे त्याला परवडेल ते. शुद्ध तोही तितकाच ठरतो.

तुम्ही याच अध्यायावर बसून तीन कोकरांचा हिशेब जुळवत होतात. बारा वचनं पुढे गेला असतात तरी दोन पारवे सापडले असते, का तिथपर्यंत पोचूनही झोपेत निसटले, ते तुम्हांलाच ठाऊक.

महिन्याभराने पत्र लिहा. किती वाचून झालं ते कळवू नका. सासूबाईंनी काय विचारलं ते कळवा.

तुमची,
ताई